एकट्याने सिएरा: गाडीचा दिवस वेगळा, चालण्याचा वेगळा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सिएरा नेवाडा पर्वतात ऑनियन व्हॅलीहून कीअरसार्ज पास (खिंड) ओलांडून रे लेक्सपर्यंत एकट्याने जायचं आहे. तिथे मुक्कामी जायचं परमिट गुरुवारच्या प्रवेशाचं मिळालंय. बेत असा आहे: गुरुवारी पहाटे ४ ला निघायचं, दुपारी १२ पर्यंत टायोगा घाटामार्गे ऑनियन व्हॅली, संध्याकाळपर्यंत खिंड पार करून कीअरसार्ज लेक्सला मुक्काम. रविवारी दुपारी खाली, रात्री घरी, सोमवारी ऑफिस. सह्याद्रीत भरपूर भटकलोय, रात्रभर गाडी हाकून सकाळी गड चढायची सवय आहे. गाडी २०१४ ची कोरोला, ९५,००० मैल झालेली. एसयूव्ही भाड्याने घेऊ का? परतीचं खाणं डिकीत ठेवलं तर चालेल का? आणि नाशिकला आईला रोज फोन लागतो, तिचं काय करू?

उत्तर:

एसयूव्हीचा प्रश्न आधी मिटवू. नको. ऑनियन व्हॅलीचा रस्ता शेवटपर्यंत डांबरी आहे आणि धडधाकट कोरोला तिथे आरामात चढते. भाड्याचे पैसे मोटेलच्या दोन रात्रींवर खर्च करा, कारण खरी अडचण गाडीत नाही, तुमच्या वेळापत्रकात आहे.

रात्री प्रवास आणि सकाळी गड ही सवय सह्याद्रीत चालते, कारण तिथे उंची आड येत नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. ऑनियन व्हॅलीचा वाहनतळच ९,२०० फुटांवर आहे आणि खिंड ११,७०० च्या पुढे. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. सनीवेल जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे पहाटे घरी झोपलेलं शरीर त्याच संध्याकाळी पावणेअकरा-अकरा हजार फुटांवर तंबू ठोकणार, तेही साडेतीनशेच्या आसपास मैल गाडी चालवून. दम किंवा पायांची ताकद यात मदतीला येत नाही. उंचीचा त्रास तंदुरुस्त माणसालाही तसाच होतो, उलट तो वेगाने चढतो म्हणून कधीकधी जास्तच.

म्हणून बुधवारीच निघा. परमिटवर गुरुवारचा प्रवेश आहे, आणि कोटा (किती जणांना आत सोडायचं तो आकडा) त्या तारखेपुरताच असतो. तेव्हा एक दिवस उशिरा चढू असं परस्पर ठरवता येणार नाही. जादा दिवस पुढूनच जोडावा लागेल. बुधवारी सकाळी ६ ला घर सोडलंत तर ५८० महामार्गावर अल्टामाँटकडे जाणारी बाजू मोकळी मिळते, त्या वेळची गर्दी उलट्या दिशेने बे एरियात शिरत असते. "दुपारी जेवून निघू" केलंत तर हेच गणित उलटतं आणि ट्रेसीपर्यंतच दोन तास जातात.

बुधवारचा मुक्काम कुठे, हे महत्त्वाचं. बरेच लोक बिशपला थांबतात, कारण तिथे स्वस्त मोटेल आणि चांगल्या बेकऱ्या आहेत. पण बिशप ४,१५० फुटांवर आहे, तिथे झोपून उंचीची सवय होत नाही. मॅमथ लेक्स (७,९०० फूट) किंवा जून लेक (७,६००) घ्या. टुअलमी मेडोजच्या कॅम्पग्राउंडला (८,६००) जागा मिळाली तर उत्तमच, फक्त ती आधी आरक्षित करावी लागते. मॅमथपर्यंत सुमारे २७० मैल, चालवण्याचेच साडेपाच-सहा तास. दुपारी दोनपर्यंत पोहोचाल, तासभर पाय मोकळे कराल, पाणी प्याल, दारू नाही. गुरुवारी पहाटे ५ ला निघून इंडिपेंडन्समार्गे ऑनियन व्हॅली गाठायला दोन तास. सव्वासातला पाठीवर सॅक. खिंड पावणेपाच मैलांवर आहे. ती दुपारच्या आत ओलांडायची, कारण ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात आणि खिंडीत आडोसा नाही.

परमिट कार्यालयातून उचलायचं असेल तर तेही बुधवारीच, मॅमथच्या वेलकम सेंटरमध्ये किंवा ली व्हायनिंगच्या केंद्रात. आरक्षणाची पावती म्हणजे परमिट नाही, ते हातात कसं मिळणार हे पावतीच्या ईमेलमध्ये नीट वाचा. स्टोव्ह पेटवायला कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन छोटी प्रश्नमंजूषा सोडवून फुकट मिळतं.

आता गाडी. निघायच्या आठवडाभर आधी गॅरेजमध्ये या गोष्टी बघायला सांगा, शब्द असेच वापरा, नाहीतर फक्त ऑइल बदलून देतील. ब्रेक पॅड किमान ४ मिलिमीटर शिल्लक हवेत. ब्रेक फ्लुइड तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते हवेतली आर्द्रता शोषत राहतं, मग लांब उतारावर तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. कूलंटची पातळी आणि होज, टायरच्या खाचांची खोली ४/३२ इंचापेक्षा जास्त, बॅटरी चार वर्षांपुढची असेल तर तिची चाचणी. डिकीतल्या छोट्या स्पेअरमध्ये ६० पीएसआय हवा लागते आणि ती बहुतेकांच्या गाडीत निम्मी निघून गेलेली असते. स्पेअर भरून घ्या, जॅक बाहेर काढून एकदा लावून बघा. टोइंगचं सदस्यत्व असेल तर मर्यादा तपासा: ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेच्या साध्या योजनेत गाडी थोडेच मैल ओढून नेतात, प्लसमध्ये १०० मैल. ऑनियन व्हॅलीतून बिशप गाठायलाच ५५ मैल पडतात.

टायरबाबत एक फसगत होते. उंचीवर बाहेरचा दाब कमी होत असल्यामुळे हवा तीच असली तरी गेज वाचन वाढतं, ९,००० फुटांवर साधारण ४ पीएसआयने. दुपारच्या उन्हात, चाललेल्या टायरवर तर आणखी. ते पाहून हवा सोडू नका. पहाटेच्या थंडीत आणि खाली दरीत उतरल्यावर तोच टायर कमी दाबाचा होईल. याच कारणाने सनस्क्रीनची ट्यूब आणि वेफर्सची पाकिटं फुगतात. ट्यूब झिपच्या पिशवीत ठेवा आणि उघडताना तोंडापासून लांब धरा.

रस्त्यावरच्या तीन चढ-उतारांची माहिती असू द्या. पहिला, मोकासिननंतरचा प्रीस्ट ग्रेड. तिथे दोन रस्ते फुटतात. जुना दोन मैलांत दीड हजार फूट चढतो, नवा वळसे घेत जातो आणि थोडा लांब आहे. नवाच घ्या. जुन्यावर एसी लावून चढताना गाड्या तापतात, आणि परतताना त्यावरून उतरणं म्हणजे ब्रेक जाळायला आमंत्रण. दुसरा, टायोगा पासचा (९,९४३ फूट) पूर्वेकडचा उतार. बारा मैलांत तीन हजार फूट खाली ली व्हायनिंग. उजवीकडे खोल दरी, बाजूला फारसा कठडा नाही, आणि समोरचं दृश्य इतकं मोठं की नजर रस्त्यावरून हटते. पाहायचं असेल तर टर्नआउटला (रस्त्याकडेच्या थांब्याला) गाडी लावून पाहा. तिसरा आणि सर्वांत तीव्र, इंडिपेंडन्सहून ऑनियन व्हॅली: १३ मैलांत सव्वापाच हजार फूट. दुपारी दरीत शंभर फॅरनहाइटच्या आसपास असतं. पहाटे चढण्याचं हेही एक कारण. उशीर झालाच तर एसी बंद, काचा खाली, तापमानाच्या काट्यावर लक्ष.

उतरताना गिअर डी मध्ये ठेवून ब्रेकवर पाय रोवून बसू नका. डी च्या खाली तुमच्या गाडीत एस, बी किंवा एल जे असेल ते उतार सुरू होण्याआधीच टाका. इंजिन ओरडल्यासारखं वाटेल, ३,०००–४,००० आरपीएम दिसतील, त्यात बिघडत काही नाही. ब्रेक वापरायचा तर ठाम दाबून वेग पंधरा-वीस मैलांनी उतरवा आणि पूर्ण सोडा, तेवढ्या वेळात डिस्क थंड होते. जळकट वास आला तर रुंद जागा पाहून वीस मिनिटं थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

पेट्रोल: ओकडेल किंवा ग्रोव्हलँडला टाकी भरा. पुढे योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात क्रेन फ्लॅटला पंप आहे, टुअलमी मेडोजला नाही. ली व्हायनिंगचा भाव पाहून डोळे विस्फारतील, तिथे गरजेपुरतंच घ्या आणि बिशपला परत भरा. ऑनियन व्हॅलीत गाडी लावताना निम्म्याहून जास्त टाकी हवी, म्हणजे बाहेर पडल्यावर रस्ता बंद असला, वळसा घ्यावा लागला किंवा आगीचा धूर आला तरी निर्णय पंपाच्या हाती राहत नाही.

योसेमिटीतून नुसतं आरपार जायचं असलं तरी गाडीमागे ३५ डॉलर प्रवेश शुल्क आहे. पावती सात दिवस चालते, तेव्हा ती परतीसाठी जपा. काही वर्षी उन्हाळ्यात वेळेचं आरक्षणही लागतं, महिनाभर आधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहा. टायोगा आगीमुळे बंद झाला तर? कॅलट्रान्सचं (राज्याचं रस्ते खातं) क्विकमॅप ॲप निघताना आणि ओकडेलला, दोन्ही वेळा उघडा. ओकडेलहून १०८ महामार्गाने सोनोरा पास घेता येतो, पण तिथले काही चढ २६ टक्क्यांपर्यंत आहेत आणि तो रस्ता बराच उत्तरेला निघतो. दुसरा मार्ग दक्षिणेकडून: बेकर्सफील्ड, टेहाचपी, मोहावी आणि मग ३९५ महामार्गाने वर. सव्वाचारशेच्या वर मैल होतात, पण उंच घाट एकही नाही. मधून कुठून जाता येईल का हे नकाशावर शोधत बसू नका. टायोगाच्या दक्षिणेला शंभराहून अधिक मैल सिएरा ओलांडणारा गाडीरस्ताच नाही. क्रेन फ्लॅटपासून ली व्हायनिंगपर्यंत फोनला रेंज धरूच नका, नकाशे आधी उतरवून ठेवा.

डिकीतल्या खाण्याबद्दल स्पष्ट सांगतो: नाही. ऑनियन व्हॅलीत अस्वलं गाड्या फोडतात आणि दाराची चौकट वाकवायला त्यांना फारसा वेळ लागत नाही. वाहनतळाजवळ लोखंडी फूड लॉकर आहेत, ते सगळ्यांचे असतात, स्वतःचं कुलूप लावू नका. पण त्यांत तरी परतीचं खाणं कशाला ठेवायचं? बाहेर पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात इंडिपेंडन्स, तिथून तासाभरात बिशप. गाडीत फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवा. आपल्या गाड्यांचा खास प्रश्न म्हणजे वास. सीटखाली पडलेला चिवडा, हिंगाची डबी, डॅशबोर्डवरच्या गणपतीजवळची उदबत्ती, कापूर, एअर फ्रेशनर, लिप बाम, सगळं काढा. निघायच्या आदल्या दिवशी गाडी व्हॅक्यूम करा. रिकामा कूलरही बाहेरून दिसता कामा नये. त्यात काय असतं हे अस्वलाला आकारावरूनच कळतं.

वाटेवर बेअर कॅनिस्टर (अस्वलाला न उघडणारा खाण्याचा डबा) सक्तीचा आहे. बेअरव्हॉल्ट ४५० साधारण चार दिवसांना पुरतो, पण आपलं खाणं घट्ट बसणारं हवं. दिवसाला ६५० ग्रॅमच्या आसपास धरा. चुरमुरे, पोह्यांचा चिवडा, पापड यांनी डबा हवेनेच भरतो. दाण्याचे लाडू, खजूर, मेतकूट आणि झटपट भात, भाजणी, तूप, बदाम घ्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि उंचीवर भूक मेली तरी लाडू खाल्ला जातो. पहिल्या रात्रीचं जेवण डब्यात बसलं नाही तरी हरकत नाही, झोपायच्या आत ते पोटात गेलेलं असेल. टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसाठी मात्र जागा राखा.

गाडी सोडून जातानाच्या गोष्टी लहान आहेत, पण चार दिवसांनी त्याच नडतात. डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद करा, आतला दिवा बंद करा. लिथियमचा छोटा जंप स्टार्टर गाडीत असू द्या. तिथे फोन लागणार नाही आणि संध्याकाळी सहाला केबल मागायला कोणी असेलच असं नाही. चावी सॅकच्या आतल्या क्लिपला, खिशात नाही. फोबमध्ये (रिमोट चावीत) नवा सेल टाका, आणि फोबमधली धातूची चावी कशी निघते ते घरी बघून ठेवा. परतल्यावर इंजिन सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. मार्मट (खारीच्या कुळातले मोठे प्राणी) कूलंटच्या होज आणि वायरी कुरतडतात. सिएरातल्याच मिनरल किंग दरीत हा उपद्रव इतका आहे की लोक वसंत ऋतूत अख्खी गाडी ताडपत्रीत गुंडाळतात. इथे ताडपत्रीची गरज नाही, पण गाडीखाली ओल किंवा गोडसर वास असेल तर गाडी चालू करू नका.

एकटं असण्याचा खरा धोका वाटेवर असा आहे: उंचीचा त्रास वाढला की माणसाचा विचार मंदावतो, आणि ते ओळखायला शेजारी कोणी नसतं. म्हणून नियम घरीच ठरवून कागदावर लिहा. फ्लॉवर लेकपाशी (१०,५०० फूट) डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ किंवा अन्नावरची वासना गेली असं असेल, तर खिंड त्या दिवशी नाही. तिथेच मुक्काम. गाडी तिथून अडीच मैल उतारावर आहे, खिंडीपलीकडून परत यायला मात्र आधी चढावं लागतं. सकाळी बरं वाटलं तर पुढे, नाहीतर खाली. तोल जाणं, गोंधळणं किंवा बसल्या जागी धाप लागणं यातलं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, लगेच खाली आणि सॅटेलाइट मेसेंजरवरून (उपग्रहाने संदेश पाठवणारं यंत्र) एसओएस. उंचीच्या त्रासावरचं औषध ॲसिटाझोलामाइड घ्यायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर.

रविवारबद्दल. तुमच्या बेतातला सगळ्यात वाईट भाग हाच आहे आणि पत्रात तो एका वाक्यात उरकलाय. चार दिवस उंचीवर अर्धवट झोप, शेवटच्या दिवशी पुन्हा खिंड, आणि मग आठ तास एकट्याने गाडी, टायोगा अंधारात, रस्त्यावर हरणं. असं करू नका. रविवारी बिशपला राहा, सोमवारी सकाळी निघा. बाहेर पडल्यावर डोळे मिटायला लागले तर इंडिपेंडन्सच्या उत्तरेला दहा-अकरा मैलांवर डिव्हिजन क्रीकची रेस्ट एरिया आहे, मॅमथच्या पुढे क्रेस्टव्ह्यूची. कॅलिफोर्नियात रेस्ट एरियात आठ तास थांबता येतं. कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा, कॉफीचा परिणाम उठेपर्यंत सुरू होतो. काचा खाली करून गाणी मोठ्याने लावणं हा उपाय नाही.

सुट्टी कमी पडत असेल तर चालण्याचा भाग छाटा, गाडीचे दिवस नाही. बुधवार ते शुक्रवार रजा, गुरुवारी आत, शनिवारी बाहेर, शनिवारी बिशप, रविवारी घर. दोन रात्रींत रे लेक्स घाईचं होतं, कारण मध्ये जवळजवळ १२,००० फुटांचा ग्लेन पास आहे आणि एका बाजूने सुमारे १२ मैल पडतात. मग कीअरसार्ज लेक्सला एक रात्र (तिथे एकाच रात्रीची परवानगी असते) आणि दुसरी शार्लट लेकला. बुलफ्रॉग लेकला मुक्काम करता येत नाही. तिथून परत. आमच्या मते पहिल्या एकट्या फेरीला हाच बेत चांगला, रजा भरपूर असली तरीही.

आता आई. तिला "रेंज मिळाली की फोन करतो" असं सांगू नका. मग ती चारही दिवस फोन हातात धरून बसेल. गुरुवार ते रविवार फोन येणार नाही, आणि सोमवारी तिच्या सकाळी साडेसातपर्यंत येईल, असं सांगा. ते म्हणजे तुमचे रविवारी संध्याकाळचे ७. बाहेर पडण्याच्या अंदाजापेक्षा तीन-चार तास पुढची वेळ तिला द्यायची. शनिवारी बाहेर पडणार असाल तर ही वेळ दोन्हीकडे एक दिवस अलीकडे आणा, तिच्याकडे आणि पुढच्या कागदावरही.

शोध सुरू करण्याची जबाबदारी मात्र नाशिकवर टाकू नका. ती बे एरियातल्या एका मित्राकडे असावी, लेखी. कागदावर गाडीचा नंबर, रंग, वाहनतळाचं नाव, परमिटचा क्रमांक, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, आणि शेवटची वेळ: रविवारी रात्री ९. तोपर्यंत निरोप नसेल तर त्याने इनयो काउंटी शेरीफला फोन करायचा. सनीवेलहून ९११ लावला तर फोन स्थानिक पोलिसांकडे जातो, म्हणून शेरीफच्या कार्यालयाचा थेट नंबर आधीच शोधून त्याच कागदावर लिहा. वाटेत मुक्काम बदललात तर सॅटेलाइट मेसेंजरवरून त्याला एक ओळ. आयफोन १४ किंवा नंतरचा असेल तर उपग्रहाने संदेश पाठवण्याचा डेमो सेटिंगमध्ये आहे. तो सनीवेलच्या एखाद्या मोकळ्या मैदानात उभं राहून दोनदा करून बघा, कारण झाडीत किंवा अरुंद दरीत एक संदेश जायला कित्येक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ फोन बाणाच्या दिशेने धरून ठेवावा लागतो.